चाकाचे बेअरिंग घरी बदलायचे तर अवजारे कोणती घ्यावीत?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सरत आला की या सदराकडे चाकाच्या आवाजाची पत्रे येऊ लागतात आणि त्यात नवल काहीच नाही. पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडले की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. पाणी ओसरल्यावर त्याच चिखलातून आणि शहरभरच्या खड्ड्यांतून गाड्या धावतात, बेअरिंगच्या सीलमधून माती आणि पाणी आत शिरते, ग्रीस खराब होते आणि काही काळाने चाक घुमू लागते. यंदाच्या पत्रांत वेगळे एवढेच की बऱ्याच वाचकांना हे काम स्वतः करायचे आहे आणि त्यासाठी काय विकत घ्यावे हे त्यांनी विचारले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१३ सालची स्विफ्ट आहे. पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेले आहे, असे गॅरेजमध्ये सांगितले. ऑइल बदलणे, ब्रेक पॅड बदलणे ही कामे मी घरीच करतो. बेअरिंग दाबून बसवण्यासाठी लांब स्क्रू आणि वीस-बावीस वाट्या असलेले एक किट ऑनलाइन मिळते. ते घ्यावे का? त्याशिवाय आणखी काय लागेल? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : किटचा विचार करण्याआधी बेअरिंगची जात पाहावी लागते, कारण अवजारे त्यावरूनच ठरतात. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हब (ज्यावर चाक बसते तो भाग) आणि बेअरिंग मिळून एकच बंद युनिट येते आणि ते तीन-चार बोल्टांनी आवळलेले असते. तशा गाडीला प्रेस लागत नाही, वाट्या लागत नाहीत. योग्य सॉकेट, लांब दांडा आणि टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर मोजून नट आवळणारा पाना) एवढ्यावर काम भागते. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकाची रचना मात्र जुन्या पद्धतीची आहे. तिथे छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेले बेअरिंग स्टिअरिंग नकलच्या (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या) भोकात दाबून बसवलेले असते, त्याच्या आतल्या रेसमध्ये (छर्रे ज्या कड्यावर फिरतात ती रेस) हब दाबून बसवलेला असतो आणि बेअरिंग सरकू नये म्हणून सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) लावलेली असते. म्हणजे दोन घट्ट बैठका सोडवायच्या आणि त्या दोन्ही पुन्हा जमवायच्या, असे हे काम आहे.

यात अवजार निवडताना एकच गोष्ट सतत तपासावी, ती म्हणजे जोर कुठून कुठे जातो. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर पडला पाहिजे. पुढे त्या बेअरिंगमध्ये हब दाबताना खालचा आधार आतल्या रेसला मिळाला पाहिजे. यात उलटसुलट झाले, तर दोन-तीन टनांचा भार छर्ऱ्यांमधून एका रेसवरून दुसऱ्या रेसवर जातो आणि रेसच्या गुळगुळीत पृष्ठभागावर छर्ऱ्यांच्या अंतराने बारीक खळगे उमटतात. ते बाहेरून दिसत नाहीत, चाक हाताने फिरवले तरी कदाचित जाणवत नाहीत; पण गाडी रस्त्यावर आली की थोड्याच दिवसांत नवे बेअरिंग जुन्यासारखे बोलू लागते. ‘डुप्लिकेट माल निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते, ते अनेकदा अशाच बेअरिंगवरून होते.

आता तुम्ही म्हणता त्या किटकडे वळू. स्क्रू, नट आणि वाट्यांचा हा संच म्हणजे हाताने चालवायची प्रेसच आहे आणि ती किती दाब देते याचा ढोबळ हिशेब करता येतो. दोन फुटी दांड्याच्या टोकाला ३० किलोंचा जोर दिला, तर नटावर सुमारे १८० न्यूटन-मीटर टॉर्क येतो. स्क्रूचा व्यास २० मिमी धरला आणि आट्यांमधले नेहमीचे घर्षण वजा केले, तर त्यातून सुमारे साडेचार टन दाब तयार होतो. आट्यांना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस लावले आणि नटाखाली दाब सोसणारे थ्रस्ट बेअरिंग असले, तर त्याच श्रमात जास्त दाब मिळतो. आटे कोरडे राहिले तर दाब घटतो आणि आटेही लवकर जातात. नवे बेअरिंग स्वच्छ भोकात बसवायला एवढा दाब सहसा पुरतो. प्रश्न येतो तो जुने काढताना. दहा-बारा पावसाळे खाल्लेले बेअरिंग नकलमध्ये गंजून असे धरलेले असते की पाच टनांनीही ते हलेलच असे नाही. अशा वेळी गाडीखाली बसून दांड्याला पाइप लावून जोर करत राहायचे आणि शेवटी स्क्रूचे आटे घालवायचे, असा प्रसंग येतो. वर्कशॉपमधली साधी हायड्रॉलिक प्रेस २० टनांची असते आणि तिला हेच काम चुटकीसरशी जमते.

म्हणून एका गाडीच्या एका बेअरिंगसाठी हे किट घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नकल घरी उतरवावी, प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये नेऊन बेअरिंग व हब तिथे प्रेस करून घ्यावे आणि नकल घरी आणून स्वतः जोडावी. नाना पेठेच्या आसपास किंवा भोसरी-चिंचवडकडे असे वर्कशॉप शोधायला फार हिंडावे लागत नाही आणि नकल दुचाकीवर पायाशी ठेवून नेता येते. फक्त तिथे नकल देऊन चहाला निघून जाऊ नये. कारागीर आधार कुठे देतो आणि दाब कुठे देतो हे समोर उभे राहून पाहावे. हब दाबताना त्याने आतल्या रेसखाली नळीचा तुकडा किंवा वाटी ठेवली नाही, तर त्याला नम्रपणे पण लगेच थांबवावे. किटचे वाचलेले पैसे पुढे सांगितलेल्या वस्तूंवर खर्च करावेत. त्या पुढेही दहा कामांना येतात.

पहिली वस्तू म्हणजे जॅक स्टँडची जोडी. गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. तुम्ही नकल घेऊन प्रेसवाल्याकडे जाल तेवढा वेळ गाडी स्टँडवरच उभी राहणार आहे, हेही लक्षात घ्यावे. तुमच्या गाडीचे एकूण वजन टनाच्या आतबाहेर आहे, त्यामुळे दोन-तीन टन क्षमतेचे स्टँड पुरेसे आहेत. मात्र ते दातेरी खटक्याचे असावेत, खटक्याबरोबर आडवी पिनही असावी आणि तळ रुंद असावा. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि पावसाळ्यानंतर त्यांच्याखालची वाळू पोकळ झालेली असते. स्टँडचा एक पाय ब्लॉकच्या सांध्यावर आला तर ब्लॉक हळूहळू कलतो. म्हणून प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा हातभर तुकडा घालावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी स्टँडवर टेकल्यावर तिला एकदा जोरात हलवून पाहावे.

दुसरी वस्तू म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून येऊन चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकावरच्या मोठ्या नटाचे सॉकेट. छोट्या गाड्यांत ३० किंवा ३२ मिमीचा नट नेहमी आढळतो, काहींत ३६ मिमीचाही असतो. आपला नट व्हर्नियरने मोजूनच दुकानात जावे. सॉकेट सहा पैलूंचे, जाड भिंतीचे आणि अर्धा इंची चौकोनाचे असावे. बारा पैलूंचे सॉकेट एवढ्या जोराखाली नटाचे कोपरे गोल करून टाकते. त्याच्यासोबत किमान दोन फुटी, न खटकणारा सरळ दांडा घ्यावा. खटका असलेला रॅचेट या नटावर वापरल्यास त्याचे दाते तुटतात. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दुमडलेली असते, ती आधी अरुंद छिन्नीने उचलून घ्यावी. नट सैल करताना चाक जमिनीवर असावे, हँडब्रेक ओढलेला असावा आणि कोणीतरी ब्रेकवर पाय दाबून बसलेले असावे. सैल म्हणजे केवळ जेमतेम हलेल इतकाच करावा. पूर्ण काढायचा तो गाडी स्टँडवर चढवल्यावर. हा नट पुन्हा वापरू नये, नवा आणूनच ठेवावा.

टायरॉडचे (स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचे) टोक नकलपासून सोडवण्यासाठी बाजारात दोन प्रकारची साधने मिळतात. काट्यासारखे दोन टोकांचे जे साधन हातोड्याने ठोकून आत घुसवतात, ते स्वस्त असते, पण त्याने रबरी बूट हमखास फाटतो. स्क्रूने दाब देणारे, जबड्यासारखे साधन थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. लोअर आर्मचा (नकलला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट जिथे आडव्या बोल्टने आवळलेला असतो, तिथे बोल्ट पूर्ण काढून फट किंचित उघडली की तो पहारीच्या हलक्या दाबाने सुटतो.

सर्कलिपसाठी आतल्या भोकाचा, म्हणजे मूठ दाबल्यावर टोके जवळ येणारा प्लायर लागतो. टपारियासारख्या देशी कंपन्यांचे प्लायर या कामाला उत्तम आहेत. टोके सर्कलिपच्या छिद्रांत सैल बसत असतील, तर तो प्लायर लहान आहे असे समजावे. गंजलेली सर्कलिप निसटली की थेट चेहऱ्याकडे येते, म्हणून गॉगल घातल्याशिवाय तिला हात लावू नये.

यांखेरीज ब्रेकचा कॅलिपर टांगून ठेवायला जाड तार (तो ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नये), गंज सैल करणारा स्प्रे, पितळी ड्रिफ्ट (हातोडा थेट न मारता मध्ये धरायचा जाड दांडा) आणि खुणेसाठी पांढरा पेंट लागेल. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचा उभा खांब) आणि नकल यांच्या जोडावर बोल्ट सोडण्याआधी पेंटने खूण करावी आणि जोडणी झाल्यावर तरीही अलाइनमेंट तपासून घ्यावी. ड्राइव्ह शाफ्ट हबमधून बाहेर येत नसेल तर त्याच्या आट्यांवर थेट हातोडा मारू नये. चाकाच्या बोल्टांवर बसणारा तीन पायांचा पुलर भाड्याने मिळाला तर उत्तम. नाहीतर जुना नट शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल इतका चढवून त्यावर पितळी ड्रिफ्ट ठेवून ठोकावे. शाफ्ट सुटल्यावर तो तारेने बांधून ठेवावा, बाहेर ओढू नये. ओढल्यास आतल्या बाजूचा जॉइंट निखळतो.

एवढे सांगूनही तुम्हाला किट घ्यायचेच असेल, किंवा दोन-तीन मित्रांत मिळून घ्यायचे असेल, तर आधी बेअरिंग विकत आणावे आणि ते हातात घेऊन किट पाहावे. बेअरिंगवर कोरलेल्या क्रमांकातच त्याची मापे असतात. उदाहरणार्थ, ‘डीएसी ३४६४००३७’ याचा अर्थ आतला व्यास ३४ मिमी, बाहेरचा ६४ मिमी आणि रुंदी ३७ मिमी. या बेअरिंगसाठी ढकलणारी वाटी बाहेरून ६४ पेक्षा मिमी-दीड मिमीने लहान हवी, म्हणजे ती बाहेरच्या रेसवर पूर्ण टेकेल आणि तरीही भोकात शिरेल. जुने बेअरिंग झेलणारी वाटी आतून ६४ पेक्षा मोठी हवी आणि तिची उंची ३७ मिमीहून जास्त हवी. किटमध्ये बावीस वाट्या असल्या आणि त्यांत आपल्या मापाच्या या दोन नसल्या, तर त्या बावीसही आपल्या काहीही कामाच्या नाहीत. वाट्यांच्या कडा काटकोनात व सपाट आहेत का, हे काचेवर उपडी ठेवून पाहावे. डुगडुगणारी वाटी बेअरिंगला भोकात तिरके नेते. स्क्रूवरून नट हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. तो मध्येच अडला किंवा खडखडला, तर किट परत करावे.

प्रश्न : पन्नासच्या पुढे गेले की गाडीतून घूं-घूं असा आवाज येतो. बेअरिंगच गेले आहे हे अवजारे घेण्याआधी घरी कसे ओळखावे? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : झिजून लाटा पडलेल्या टायरचा आवाज थेट असाच असतो, त्यामुळे आधी पुढची व मागची चाके आपसांत बदलून पाहावीत. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा. जागा न बदलल्यास मोकळ्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळण घ्यावे. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर. शेवटी गाडी स्टँडवर घेऊन एका हाताने चाक फिरवावे आणि दुसऱ्या हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरावी. चांगल्या बेअरिंगची स्प्रिंग शांत राहते. खराब बेअरिंगची खरखर तळहाताला स्पष्ट कळते. चाक वर-खाली धरून हलवल्यावर लागणारा खेळ (ढिलेपणा) बॉल जॉइंटचाही असू शकतो, म्हणून केवळ त्यावरून बेअरिंगला दोष देऊ नये.

प्रश्न : बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून आणि नकल तापवून बसवले तर प्रेसची गरज पडत नाही, असे ऐकले. खरे आहे का? — एक वाचक, बाणेर

उत्तर : अर्धे खरे आहे आणि त्याचा हिशेबही सोपा आहे. पोलादाचा एक मिलिमीटर एका अंश सेल्सिअसला साधारण ०.००००१२ मिमीने वाढतो किंवा आकसतो. ६४ मिमी व्यासाचे बेअरिंग २८ अंशांवरून फ्रीजरमधल्या उणे १८ अंशांवर नेले, तर त्याचा व्यास सुमारे ०.०३५ मिमीने कमी होतो. नकल हॉट एअर गनने ६० अंशांनी जास्त तापवली, तर भोक सुमारे ०.०४५ मिमीने मोठे होते. दोन्ही मिळून ०.०८ मिमी मोकळीक मिळते आणि बैठकीची घट्टपणाची मर्यादा बऱ्याचदा याच्या जवळपास असते. त्यामुळे बेअरिंग किटच्या बेताच्या जोराने, कधी तर हाताच्या दाबानेही उतरते. पण ही मोकळीक मिनिटभर टिकते. तेवढ्यात ते सरळ बसले तर बसले. तिरके अडकले तर गरम-थंड दोन्ही एक तापमानाला येतात आणि मग प्रेसच गाठावी लागते.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवताना ते वेष्टनासकट प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवावे, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत बाहेर काढताच त्यावर पाणी सुटते. बेअरिंग स्वतः कधीही तापवू नये; सीलबंद बेअरिंगमधले ग्रीस आणि सील ८० अंशांच्या वर खराब होऊ लागतात. नकललाही गॅसची ज्योत दाखवू नये, आणि एबीएसचा (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असेल तर तो आधी काढून बाजूला ठेवावा. शिवाय हा उपाय पहिल्या बैठकीपुरताच आहे. हब आतल्या रेसमध्ये घालायचा तर रेस तापवता येत नाही, हब तेवढा गार करता येतो. ती मोकळीक बरीच कमी आणि तिथे दाब हा लागतोच.

प्रश्न : माझ्याकडे बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच आहे. त्यानेच ड्राइव्ह शाफ्टचा नट आवळला तर वेगळा टॉर्क रेंच कशाला हवा? — एक वाचक, हडपसर

उत्तर : काढण्यासाठी इम्पॅक्ट रेंच खुशाल वापरावा. आवळण्यासाठी मात्र तो वापरू नये आणि याबाबत आम्ही तडजोड सुचवणार नाही. दोन ओळींच्या बेअरिंगची आतली रेस बहुधा दोन तुकड्यांची असते आणि ते दोन तुकडे एकमेकांना घट्ट टेकवून ठेवण्याचे काम हा एक नट करतो. तो कमी आवळला तर तुकडे एकमेकांपासून किंचित सुटतात आणि रेस हबवर घसरू लागते. अति आवळला तर छर्ऱ्यांवर सतत जादा भार राहतो. इम्पॅक्ट रेंच ठोके देत आवळतो. ते ठोके नव्या बेअरिंगला सोसावे लागतात आणि शेवटी नट किती आवळला गेला हे सांगायलाही त्याच्याकडे काही नसते.

टॉर्क रेंच घेताना आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला या नटाचा आकडा आधी पाहावा. छोट्या-मध्यम गाड्यांत तो १७५ ते ३०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. दुकानात सर्रास मिळणारा अर्धा इंची रेंच २०० किंवा २१० पर्यंतच जातो. आकडा त्याच्या पुढचा असेल तर ३४०-३५० पर्यंतचा रेंच घ्यावा; चाकाचे नट साधारण १०० च्या आसपास आवळायचे असतात, ते कामही त्याच रेंचने होते. रेंचच्या पट्ट्याच्या अगदी तळाच्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. आयएसओ ६७८९ या मानकानुसार ‘खट्’ आवाज करणाऱ्या रेंचला १० न्यूटन-मीटरच्या वर ४ टक्के अधिक-उणे एवढी सूट आहे, म्हणजे २०० वर लावलेला रेंच १९२ ते २०८ मध्ये कुठेही वाजला तरी तो ठीक मानतात. खोक्यात कॅलिब्रेशनचा (अचूकता तपासल्याचा) दाखला आणि रेंचवर त्याच दाखल्याचा क्रमांक असल्याची खात्री करावी. काम झाल्यावर रेंच पट्ट्याच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा आणि त्याने नट कधीही सोडवू नये.

आवळताना गाडी स्टँडवरच असावी, एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने दांडा सलग, झटका न देता ओढावा. मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर आट्यांना तेल लावू नये, कारण तेल लावल्यास त्याच आकड्यावर नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. नट पूर्ण आवळून होईपर्यंत गाडी चाकावर उतरवू नये आणि ‘जरा बाजूला घेऊ’ म्हणून ढकलूही नये. तेवढ्यानेही नवे बेअरिंग बिघडू शकते.

प्रश्न : हब निघाला, पण जुन्या बेअरिंगची आतली रेस त्याच्यावरच अडकून आली. ग्राइंडरने कापावी का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : ती तशी अडकून येणे नेहमीचेच आहे, त्यात तुमचे काही चुकलेले नाही. दोन अर्धगोल पात्यांचा बेअरिंग सेपरेटर रेसच्या मागच्या फटीत आवळून वरून पुलरने ओढणे हा सभ्य मार्ग. एकाच वेळेपुरता लागणार असेल तर प्रेसवाल्याकडे तो असतोच. ग्राइंडरने कापायची तर रेस आरपार कापू नये. जाडीचा दोन-तृतीयांश भाग तिरका कापावा, मग त्या खाचेत छिन्नी ठेवून एक जोरदार ठोका द्यावा. कडक पोलाद तडकते आणि रेस सैल होते. हबच्या दांड्यावर पात्याची खोल रेघ पडली, तर तो हब पुन्हा वापरू नये.

प्रश्न : जुन्या बाजारात मोठी सॉकेटे आणि पुलर स्वस्तात दिसतात. घेण्यात धोका आहे का? — एक वाचक, सोमवार पेठ

उत्तर : बुधवार-रविवारच्या बाजारात कारखान्यांतून निघालेली चांगली अवजारे मिळतात, हे खरे आहे. पाने, सॉकेटे, पहारी, पितळी ड्रिफ्ट, साधा पुलर हे तिथे बिनधास्त पाहावे. सॉकेटच्या आतल्या कोपऱ्यांत केसासारखी भेग नाही ना, हे उजेडाकडे धरून तपासावे. चौकोन सैल झाला असेल तर ते सोडून द्यावे. पुलरच्या स्क्रूचे आटे धारदार होऊन वर आले असतील, तर तो फार वापरला गेला आहे. जॅक, जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच मात्र तिथून घेऊ नयेत. जॅकमधले सील आणि स्टँडमधले जोड किती शाबूत आहेत हे दिसत नाही. कॅलिब्रेशन नसलेला टॉर्क रेंच तर साध्या दांड्यापेक्षा घातक, कारण त्याच्या खोट्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतो. जुना पण चांगल्या बनावटीचा रेंच हाती लागलाच, तर तो आधी भोसरी-चिंचवडकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. वर सांगितलेल्या मानकात ही तपासणी बारा महिन्यांनी किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर करावी, असे म्हटले आहे.

प्रश्न : आमच्याकडे शेतावर जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. तिलाही हीच अवजारे लागतील का? — एक वाचक, मुळशी

उत्तर : नाही, तुमचे काम बरेच सोपे आहे. या जीपच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगे समोरासमोर बसतात आणि बाहेरून दोन पातळ लॉकनट व त्यांच्यामध्ये दुमडायची चकती असते. तुम्हाला या नटाच्या मापाचे खोल, पातळ भिंतीचे बॉक्स पान्यासारखे सॉकेट हवे. छिन्नी-हातोड्याने हे नट फिरवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने नटाचे कान जातात आणि समायोजन अंदाजानेच होते. रेस हबमधून काढायला पितळी ड्रिफ्ट पुरतो, समोरासमोरच्या बाजूंवर आलटून पालटून ठोकावे. नवी रेस बसवताना जुन्या रेसचाच उपयोग करता येतो; तिची बाहेरची बाजू ग्राइंडरवर किंचित घासून कमी केली की ती भोकात अडकत नाही. ग्रीस रोलरांच्या मधून पलीकडे निघेपर्यंत तळहातावर दाबून भरावे. मग चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळावा आणि मॅन्युअलप्रमाणे मागे घ्यावा; या जातीच्या जीपमध्ये तो सुमारे एक-षष्ठांश फेरा असतो. डायल गेज मिळाल्यास हबचा खेळ ०.०२५ ते ०.१२५ मिमीच्या आत आहे ना, हे पाहावे. बाहेरचा नट आवळल्यावर हा खेळ बदलतो, म्हणून तो पुन्हा एकदा मोजावा.

प्रश्न : माझी गाडी २०२० सालची असून तिला एबीएस आहे. वेगळी काही काळजी घ्यावी लागेल का? — एक वाचक, वाकड

उत्तर : अशा बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो आणि सेन्सर चाकाचा वेग त्यावरून मोजतो. ही बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला आली पाहिजे. ती बहुधा काळसर किंवा तपकिरी असते. शंका आल्यास बारीक टाचणी दोऱ्याला बांधून दोन्ही बाजूंजवळ धरावी. जिकडे ती ओढली जाईल ती बाजू आत. नटबोल्ट ठेवायच्या चुंबकी ताटलीत किंवा चुंबकी टोकाच्या पान्याजवळ हे बेअरिंग ठेवू नये, आणि ढकलणारी वाटी त्या पट्ट्यावर घासणार नाही अशी निवडावी. सेन्सर नकलमध्ये गंजून अडकलेला असेल तर तो पक्कडीने पिरगाळू नये. गंजाचा स्प्रे मारून अर्धा तास थांबावे आणि हाताने डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत काढावा. प्लास्टिकचे डोके तुटले तर सेन्सर नवा घ्यावा लागतो.